तिसरी बाटली

सकाळी अर्ध्या सेलात उठते.
डिसेंबरात टपावर दव असतं,
भेरूलालचा हात चावीवर जेमतेम पोचतो,
आणि ही खडखडत उभी,
जणू रात्रभर जागीच होती.
भानगड दुपारची.

राऊला खुर्च्या उतरवल्या, दोनशे दहा.
वीस मिनिटं गाडी बंद.
मग मारा सेल, मारा, मारा.
इंजिन फिरतंय, पकडत नाही.
मुलीकडचे उभे, मांडववाले उभे,
आणि ही तापल्या तव्यासारखी बसलेली.
तासाभराने, कुणी काही न करता,
चालू.

बॅटरी बदलली.
सेल्फ खोलून कार्बन घातले.
डिझेल फिल्टर दोनदा.
पालद्याच्या एका पोराने सेन्सर बदलला
आणि जुना माझ्या तळहातावर ठेवला
पडलेल्या दातासारखा.
भेरूलालने बंपरला लिंबू-मिरची बांधली.
एवढा एकच खर्च त्याने माझ्याकडे मागितला नाही.

आणि त्या तासातासांत
गाडीच्या सावलीत, ताडपत्रीवर, शेव खात
मला कळलं की त्याची धाकटी नर्सिंगला आहे,
की सुसनेरला त्यांची विहीर अजून आटलेली नाही,
की तो माझ्या वडिलांना घाबरायचा
आणि मला घाबरत नाही.

लोहामंडीच्या मागे निरखेकाका.
साठीनंतर कॉमन रेल शिकलेला माणूस.
काय होतं, हे विचारलंच नाही त्यांनी.
विचारलं: किती वेळाने?
लगेच लावली तर?
कधी लागते, कधी नाही.
वीस मिनिटांनी?
नाहीच.
संध्याकाळी?
एका सेलात.
"मग विजेकडे बघू नका," म्हणाले,
"हिला गरमीत दाब धरवत नाही."

आधी पंपावर ओलं गोणपाट.
गार पाण्याचा तांब्या, वाफ, दोन मिनिटं.
सेल. काही नाही.
"पंप सुटला," आरोपीला सोडावं तसं म्हणाले.

मग काढल्या चार बाटल्या.
काकूंच्या खोकल्याच्या औषधाच्या, लेबलं घासून काढलेल्या.
चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या,
सुतळीने बांधलेल्या.
देवास नाक्यापर्यंत पळवून आणली होती आम्ही,
चांगली तापवून.

पहिलीत बोटभर.
दुसरीत बोटभर.
चौथीत त्याहून थोडं कमी.
तिसरी गळ्यापर्यंत.

"थंड डिझेल जाड.
झिजलेल्या फटीतूनही जाताना आढेवेढे घेतं.
तापलं की पातळ,
की निसटलं, आलेल्या वाटेने घरी.
रेलमध्ये दाब उभा राहत नाही,
आणि दाबाशिवाय कॉम्प्युटर
फवारायचा हुकूमच देत नाही.
तुम्ही सेल मारत बसता,
तो आकडा बघत बसतो."

मी म्हटलं, काका, माणसांचंही असंच,
तापली की काही धरून ठेवता येत नाही.
त्यांनी बाटली उजेडात धरली.
"माणसांना रिटर्न लाईन नसते, पोरी.
असती तर मोजलं असतं."

इंजेक्टर दुरुस्त होऊन आला, भोपाळहून, नऊ दिवसांनी.
दोनच्या उन्हात राऊलाच नेली मुद्दाम.
इंजिन बंद. घड्याळ लावलं.
पंधरा. अठरा. वीस.
भेरूलालने चावी फिरवली
आणि ती उठली,
इतकी पटकन की
त्याचा हात चावीवर तसाच राहिला.

हसलो दोघे.
मी शेवेची पुडी उघडली होती,
ती तशीच गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवली.
राजेंद्रनगरच्या पुलाखाली
त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं,
धाकटीचंच असावं.
मग हिरवा झाला,
आणि मागचे हॉर्न द्यायला लागले.

लिंबू अजून आहे, वाळून खडा झालेला.
काढू का, असं त्याने विचारलं नाही.
मीही नाही.