मालगाडी जाईपर्यंत

अजनीकडून मालगाडी आली
आणि रेफरीनं खेळ थांबवला.

चेंडूतले छर्रे गप्प.
आठही जण डोळ्यांवर पट्ट्या बांधून जिथल्या तिथं.
ज्याला जरासा उजेड कळतो, त्यालाही पट्टी.
अंधार सगळ्यांना सारखा मोजून दिलेला.

मी गोलच्या मागे, हातात सळई.
फ्री किकच्या आधी दोन्ही खांब वाजवायचे,
एरवी ओरडायचं: किती मीटर, कुठल्या हाताला.

"पेरूसंग मॅच हाये म्हणे, पेरूसंग!"
सकाळी पोरं पोट धरून हसली होती.
आता त्याच पेरूचा सात नंबर
भोजराज निखाडेच्या खांद्याला खांदा लावून
डबे मोजतोय. बोटं हलतात.
भोजराजही मोजतो;
उमरेडला त्याचं घर फाटकापाशी.

चेंडूवर जाताना 'वोय' म्हणायचं, नाहीतर फाऊल.
तिकडच्या भाषेत म्हणजे: निघालो.
भोजराज पहिले दोन महिने म्हणायचा,
"येऊन राह्यलो ना बे!"
तोवर चेंडू पार पुढे.

गार्डाचा डबा गेला. शिट्टी.
स्टँडमध्ये त्याचा बाप तोंडात दुपट्टा कोंबून बसलेला.
छर्रे खुळखुळले.
वोय.
वोय.
कोणता आवाज कुठल्या गावचा, मलाही कळेना.
"सहा मीटर! समोर! मार!"

टण्.

भोजराज हात वर करून धावत सुटला,
चार पावलं.
स्टँड गप्पच.
मग तो थांबला, माझ्याकडे कान वळवून म्हणाला,
"हे तू वाजोलं,
का मी?"