अकरा नंबरचं दालन

पोर्तोत त्या रविवारी तिकीट नव्हतं.
आई म्हणाली, जाऊ या एकदा,
तुम्ही एकोणीस वर्षं कुठे उभे राहता
ते तरी बघू.

बाबांनी स्वतःचा कोट घातला,
तपकिरी, कोपराला ठिगळ लावलेला,
आणि संग्रहालयाच्या पायऱ्यांवरच अडले.
समोरून आत कसं शिरतात, त्यांना ठाऊक नव्हतं.
त्यांचं दार मागच्या गल्लीत,
मासळीच्या दुकानाला लागून.

एर्मेलिंदा आत्याने चर्चमध्ये घेतात तसा
डोक्यावर रुमाल घेतला,
मग इकडेतिकडे बघून
हळूच खिशात कोंबला.

पहिली दहा दालनं बाबा भराभर चालले,
कशाकडेही न बघता,
दुसऱ्याच्या घरातून वाट काढावी तसे.
अकराव्यात आल्यावर पाय आपोआप
कोपऱ्याकडे वळले.
तिथे बाल्ताझार उभा, निळ्या गणवेशात,
त्यांच्या जागी.
दोघांनी भुवयांनीच ओळख दिली.

मग बाबा दाखवू लागले.
चित्रकाराचं नाव नाही, साल नाही,
त्यातलं त्यांना काही येत नव्हतं.
म्हणाले, ही फरशी डुगडुगते,
म्हाताऱ्यांना आधीच सांगावं लागतं.
म्हणाले, तीन वाजता त्या खिडकीतून ऊन येतं,
या संताच्या पायाच्या बोटांना शिवतं
आणि मागे फिरतं.
गुडघ्यापर्यंत कधीच चढत नाही.
म्हणाले, या घोड्यासमोर पोरं हटकून रडतात,
घोडा बिचारा काही करत नाही,
इथवर येईतो त्यांना भूक लागलेली असते.
(दुआर्तने लगेच भूक लागल्याचं सांगितलं.)
आणि दर गुरुवारी एक बाई येते,
ती चित्र बघत नाही, चौकट बघते.
का? मी विचारलं.
विचारायचं नसतं, म्हणाले.

आई तेवढ्यात पुढे गेली होती.
हातभर रुंदीचं एक चित्र,
पाठमोरी बाई, तांब्याचं भांडं घासणारी.
हॉटेलच्या चादरी धुणारी माझी आई
बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली,
हिने बाही नीट दुमडली नाही.
भिजणार.

कुठली बाही? बाबांनी विचारलं.
त्यांच्या कोपऱ्यातून त्या चित्राचा
फक्त चकाकता रोगण दिसायचा,
आरशावर दिवा पडावा तसा.
एकोणीस वर्षं त्यांच्या राखणीत होती ती बाई,
आणि तिला हात आहेत हे त्यांना आज कळत होतं.
ते जवळ गेले. अजून जवळ.
नाक वीतभर अंतरावर.

जरा मागे व्हा, साहेब.

हे वाक्य आम्ही घरी ऐकलेलं,
बाबा झोपेत बोलायचे ते.
आता बाल्ताझारच्या तोंडून आलं,
आणि बाबांचे कान लाल झाले.
मोजून एक पाऊल मागे आले,
हात पाठीशी बांधले,
माफ करा, म्हणाले
रोज दुपारी ज्याच्याशी सार्डिनचा डबा वाटून खातात
त्या माणसाला.
बाल्ताझार छत न्याहाळत राहिला.
आत्याने तोंडावर हात दाबला तरी
तिचं हसू निसटलं
आणि बाराव्या दालनात जाऊन घुमलं.

बाहेर पायऱ्यांवर बसून
आईने पाव आणि चीज वाटलं.
नदीकडून धुकं वर येत होतं.
बाबा खाता खाता थांबले.
भिजलीच आहे, म्हणाले.
तिथे रंग गडद केलाय त्याने. मनगटापाशी.
मग ट्राममध्ये पुन्हा एकदा म्हणाले,
आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला
त्याने काही विचारलेलं नसताना.

रात्री नेहमीसारखे
आमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले,
हात मागे बांधून.
मी डोळे मिटलेलेच ठेवले.
वाटलं, आता जातील.
तर फळी करकरली,
मग दुसरी,
आणि दुआर्तच्या उशाशी
कुणीतरी खूप वेळ
अगदी जवळून श्वास घेत होतं.