पोतं बांधण्याआधी

कुंपण छाटायचा वार सोमवार.
दोन वाजता मागच्या फाटकाशी
मंजी वरठा येते, आरेतल्या पाड्यावरून,
डोक्यावर नुसती चुंबळ,
आणि विचारते, आज काय हाय?

आज तिला घाई आहे. बोडी गाभण,
दुसरं वेत, दिवस भरत आलेले.
पाड्यामागच्या उतारावर गवत संपलं,
उरली ती घाणेरी,
आणि घाणेरीनं काय होतं
हे मी तिला सांगायला नको.
कुठला पाला दूध वाढवतो, कुठल्यानं पोट फुगतं,
अडुळशाला शेळी तोंड का लावत नाही,
सगळं तिला पाठ.
पण माझ्या कुंपणातली झाडं
टेम्पोतून आली, काळ्या पिशव्यांत उभी राहून.
तिच्या बोलीत त्यांना नावं नाहीत.

म्हणून ती एकेक फांदी उचलते.
ही?
डुरांटा. पिवळे मणी गोजिरे, तरी नको.
ही?
क्रोटन. मोडून बघ, चीक येतो. नको.
बोगनवेल ने, काट्यांचं बोडी बघेल.
मेंदी ने.
आणि ही?

ही खाली ठेव.
कण्हेर, हायवेच्या दुभाजकावर फुलते तीच.
ओली असली तर कडू लागते, शेळी थुंकते.
सुकली की कडूपणा जातो,
बाकीचं तसंच राहतं.
होळीनंतर लाडक्याची पाट
मूठभर पानांनी गेली, दिवेलागणीच्या आत.
पाला कुठून आला ते पाड्यात कुणी काढत नाही.
मी मात्र तारखा मोजत बसतो.
त्या सोमवारी मी रजेवर होतो.
बहुतेक.

तेव्हापासून पंपाच्या खोलीच्या सावलीत
सगळी पोती पालथी करतो.
लांब पान, मधोमध पांढरी शीर,
तीन-तीन एका पेरावर. बाजूला.
चौदाव्या मजल्यावरून सबनीस ओरडतात,
अरे, शेळीला काहीही चालतं!
उंटावरून हाकतात म्हणे,
इथं तर लिफ्ट आहे.

शेवटी राहिली जास्वंद, सगळ्यात मोठा ढीग.
मंजीनं ती विचारलीसुद्धा नाही,
सरळ कवेत घेतली.
मीही सुतळी काढली होती,
आणि पानाच्या बेचक्यात दिसलं
कापसासारखं पांढरं.
पिठ्या ढेकूण.
मेलेले.

गुरुवारी मीच मारले होते.
पाठीवर पंप, तोंडाला रुमाल,
बाटलीवर पिवळा त्रिकोण.
किती दिवस थांबायचं ती ओळ
औषधाच्याच ओघळानं पुसलेली.
धुऊन घालते, ती म्हणाली.
दुकानदाराचं बोलणं आठवलं,
मुळापासून शेंड्यापर्यंत भिनतं साहेब, पावसानंही जात नाही.
किती अभिमानानं सांगत होता.

नको मंजी.
जास्वंद?
जास्वंदच. या खेपेला नको.

तिनं ढीग खाली ठेवला, सावकाश,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.
मग गेटाजवळच्या झाडाकडे बघत राहिली.
तिथं सकाळी परड्या घेऊन उभ्या असतात,
बी विंगच्या, सी विंगच्या,
लाल फूल, पाच पाकळ्या, गणपतीला.
देवाला चालतंय का ह्या?
मला काही सुचलं नाही.

अर्धं पोतं घेऊन ती गेली,
मेंदी आणि काटे.
मी जास्वंद कचऱ्याच्या गाडीत भरली,
वर कण्हेर टाकली, वर ताडपत्री.

पंपाच्या खोलीमागं तीन झुडपं आहेत,
तिथवर कुणाची परडी पोचत नाही.
त्यांच्यावर आता पंप धरणार नाही.
ढेकूण खातील ते खातील,
उरेल ते पावसाळ्यानंतर बोडीला.
सेक्रेटरींनी विचारलं, इथली पानं अशी का,
तर सांगेन,
ऊन पडत नाही हो इथं.