चरका

चिनावलात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या रंध्याखालचा,
नाहीतर लग्नात सरबतासाठी
सावद्याहून पोत्यात आणलेला, भुसा चिकटलेला.
म्हणून निलांबरी म्हणाली,
आत्या, मले बर्फ वाचायची नोकरी लागली,
तेव्हा मी विचारलं, किती पानांचा असतो?

आता तिला औलीत तिसरा हिवाळा.
पहाटे उतारावर जाते,
पाटी पुसून आकडे लिहिते,
आणि पाहुणे त्या आकड्यांकडे बघतात
पंगतीत जिलबीकडे बघावं तसे.

फोनवर शिकवते मला.
तीस सेंटिमीटर लिहिलंय म्हणून तीस नसतं.
कुठल्या उंचीवर, हे आधी विचारायचं;
माथ्यावर भुकटी पडत असते
तेव्हा पायथ्याला नुसता पाऊस.
वारा कुठला, ते विचारायचं,
कारण वारा डोंगराच्या एका खांद्यावरचा बर्फ उचलून
दुसऱ्या खांद्यावर टाकतो
आणि हुशार मालक मोजपट्टी नेमकी तिथंच रोवतो.
आठवड्यापुढचा अंदाज ऐकून घ्यायचा,
त्यावर सामान बांधायचं नाही.

आणि नवा बर्फ कशावर बसलाय, आत्या,
ते सगळ्यात मोठं.

त्यासाठी ती खड्डा खणते, भिंत सरळ तासते,
थर बोटानं दाबत खाली जाते.
मी म्हटलं, थर मले नको सांगू.
केळीचा खांब आडवा कापला की
सोपटात सोपट, सोपटात सोपट.
हसली. म्हणाली, तसंच,
पण आमच्या खांबात कधी एक थर साखरेचा निघतो,
मोकळा, दाणेदार, कुणालाच न धरणारा.
मग वर फावडं ठेवून थापा मारायच्या,
मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा,
आणि कितव्या थापेला वरचा सगळा बर्फ
पाटासारखा सरकतो, ते मोजायचं.
लवकर सरकला तर उतार बंद.
पाहुणे भांडतात. आभाळ निळं असतं ना.

बुधवारी तिचा आवाज नाचत होता.
पश्चिमेकडून मोठं येऊ राह्यलं, आत्या,
साठ तरी पडेल, थंड, कोरडं, हलकं!
व माय, म्हटलं मी, किती छान.
आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं:
तिच्याकडे पडायला दोन दिवस,
आभाळ उघडायला एक,
मग उत्तरेचं वारं सातपुडा ओलांडून
माझ्या बागेत.
रविवार.

तिला सांगितलं नाही
की तिची भुकटी तीच माझा चरका;
पारा दहाच्या खाली गेला की
घड पोग्यातच अडकतो,
साल आतून तपकिरी होते,
व्यापारी गाडीतून खालीही उतरत नाही.

रविवारी रात्री रमजान तडवी आणि मी.
ओट्यावरचा पारा अकरा दाखवत होता.
रमजान म्हणाला, ताई, वाचलो, झोपू या.
मी विचारलं, कुठल्या उंचीवर?
तो माझ्याकडे बघतच राहिला.
बॅटरी घेऊन नाल्याकडच्या तुकड्यात उतरलो,
जिथं थंडी पाण्यासारखी साचते.
खांबाला बांधलेला पारा: साडेसात.
ओटा म्हणजे मालकाची मोजपट्टी.

दोन वाजता मोटार चालू केली,
विहिरीचं कोमट पाणी आधी खालच्या सऱ्यांना.
बांधावर ओला पाला पेटवला.
धूर उठला, थोडा वर गेला,
आणि पानांच्या खालीच आडवा पसरून थांबला.

साडेपाचला फोन.
आत्या, नवव्या थापेलाच सरकलं! उतार बंद केला,
लोकं शिव्या देऊ राह्यले.
मग ती एकदम थांबली.
माझा खोकला ऐकू गेला असावा.
तिकडे किती?
सात, म्हटलं.

जरा वेळ नुसता वारा, तिच्या बाजूचा.
मग तिनं विचारलं,
धूर कोणत्या बाजूनं केला?