ठीक आहे दाबा

मंगळवार, पावणेबारा. घणसोलीत नाल्याकडच्या गल्लीत
माझं दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर मी बाहेर.
फळीवर एकवीस फोन, नावाच्या चिठ्ठ्या रबरानं बांधलेल्या.
काही बरे झालेत, न्यायला कुणी येत नाही.
काही बरे होणार नाहीत, हे मी अजून सांगितलेलं नाही.

आणि सगळे एकदम ओरडले.

असा आवाज मी एकाही फोनमध्ये भरलेला नाही.
एक खाडीत पडलेला, तांदळाच्या बरणीत सुकायला ठेवलेला,
तो तांदळातनं ओरडला. दाणे हलले.
ज्याचा स्पीकर गेलाय तो नुसताच थरथरत
काउंटरच्या कडेपर्यंत चालत गेला आणि पडला,
त्याची काच आता माझ्या खात्यावर.
ज्याचा डिस्प्ले गेलाय तो काळ्या पाटीआडून बोंबलत राहिला,
काय सांगतोय ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मजकूर एवढाच: ही चाचणी आहे. घाबरू नका.
तुम्हाला काही करायचं नाही.
मग हिंदीत काही करायचं नाही, मग इंग्रजीत.

समोरचा इस्त्रीवाला रामआसरे
इस्त्री शर्टावर तशीच ठेवून रस्त्यावर आला.
चाचणीत एक शर्ट गेला. पांढरा, कुणा बँकवाल्याचा.

मी एकेक फोन उचलून ठीक आहे दाबत गेलो.
ठीक आहे. ठीक आहे. ठीक आहे.
एवढं ठीक माझ्या दुकानात कधीच नव्हतं.

याच गाळ्यात आधी वडिलांची पिठाची चक्की होती,
आम्ही पोत्यांवर झोपायचो.
एका रात्री एमआयडीसीकडून वास आला,
कच्च्या लसणासारखा, मग डोळ्यांत शिरला.
भोंगा वाजला नाही. भोंग्याची किल्ली साहेबाकडे, साहेब पनवेलला.
आला तो कंपनीचा वॉचमन धर्मू गायकर, सायकलवर,
उजव्या हातात पाना, प्रत्येक शटरवर एक ठोका.
"उठा," म्हणाला. "खाडीकडं नको, वारा तिकडंच चाललाय. आडवं पळा."
आईनं माठात पदर बुडवून माझ्या तोंडावर बांधला.
आम्ही आडवे पळालो.
धर्मू पुढच्या आळीत गेला, त्याच्या पुढच्या आळीत गेला.
ठोके ऐकू येत होते तोवर मी मोजले. एकेचाळीस.

शटरला तो पोचा आहे अजून.
तीनदा रंग दिला. पोचा रंग घेतो, जात नाही.

शेवटी एकच फोन उरला ओरडणारा,
तुळसाबाई मढवी, चिठ्ठीवर तारीख फेब्रुवारीची.
टच गेलाय. ठीक आहे दाबलं तरी त्याला कळत नाही.
तिचा नवरा देऊन गेला होता: बाई गेली, आवाज आहेत आत,
मासळीचे हिशेब ती बोलून ठेवायची, तेवढे काढून दे.
मग उद्या येतो म्हणाला, आणि पाच महिने उद्या.
सिम काढायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

बॅटरी ओढू म्हणून मी स्क्रू शोधतोय,
तर हिराजी मढवी दारात. धापा. पायात एकच चप्पल.
स्वतःचा फोन हातात, त्यावर तोच मजकूर, त्यानंही दाबलेला नाही.
"तिचापण वाजला?"
"वाजतोय की. ऐका."

तो स्टुलावर बसला.
फोन थांबला आपोआपच, मिनिटभरानं असेल.
पंख्याचा आवाज परत आला. रामआसरे कुणाला तरी शर्टाचं सांगत होता.

मी म्हटलं, "काका, सहा आवाज निघालेत. पेनड्राइव्हमध्ये देऊ?"
त्यानं फोन उलटा करून पाहिला, चिठ्ठी पाहिली,
रबर सैल झालं होतं ते नीट गुंडाळलं.
"पुन्हा कधी हाय ही चाचणी?"
मला माहीत नव्हतं.
"मग सिम ऱ्हाऊ दे आत," म्हणाला. "चार्जिंगला लाव. उद्या येतो."