ज्याची त्याची आय

नानांच्या वह्या लाल खारव्यात,
पुराच्या धाकाने माळ्यावर.
रविवारी एकेक खाली उतरवते
आणि अंबडच्या कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर
यजमानांच्या सात-सात पिढ्या टाइप करते.

फंक्शन सोपं होतं. नाव : वंश.
माणूस घे, नाव छाप,
मूल नसेल तर परत फिर,
असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत
प्रत्येकासाठी पुन्हा वंशलाच हाक मार.
मोजायला एक व्हेरिएबल, सवयीने ठेवलेलं : आय.

अस्थी घेऊन रामकुंडावर आलेला सटाण्याचा माणूस
ओला पंचा पिळत म्हणाला,
ताई, आमचा झिपरू दिसत नाही.
निंबाजीचे चार : उखा, झिपरू, भिला, सुका.
स्क्रीनवर उखा. उखाची पाच पोरं.
पुढे कोणी नाही.
नाना म्हणाले, शाई निदान पुसट होते,
हे तर माणसं गिळतं.

रात्री पाठकोऱ्या कागदावर एकेक पायरी लिहीत गेले.
निंबाजीपाशी आय शून्य.
उखाच्या घरात गेले तर तिथेही तीच आय,
त्याच्या पोरांमागे धावत पाचावर पोचलेली.
परत निंबाजीच्या दारात.
किती झाले गं?
पाच.
चारच तर होते, म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

मीच तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं,
सगळ्या पिढ्यांत मिळून एक.
ती ओळ उचलली, महिरपी कंसाच्या आत आणली.
एवढंच.
आता हाकेगणिक वेगळी आय.
हाक संपली की तीही संपते,
आणि वरच्या घरातली
जिथे सोडली तिथेच उभी असते,
पुढच्या मुलाचं नाव घ्यायला.

पावणेचारला झिपरू आला. मग भिला.
सुकाला मूल नव्हतं,
तो आला आणि लगेच परत फिरला.

सकाळी विचारलं, नाना,
उखाची आय कोण? झिपरूची तीच का?
नाना बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
तो रकानाच नाही गं.

रकाना वाढवला.
सटाण्याला फोन लावला.
थांबा, थोरल्या आत्याला विचारतो, म्हणाला,
आणि फोन तसाच चालू ठेवून
आत गेला.