सतराशे पन्नास टप्पे

शेजारच्या लोकेशने फोनवर दाखवलं:
सिंगापूर ते अ‍ॅमस्टरडॅम,
दहा हजार पाचशे किलोमीटर, तेरा तास.
पिवळं चिमुकलं विमान, मागे शेपटीसारखी रेघ,
आणि रेघेखाली कुठेही सावदा लिहिलेलं नाही.

मी लगेच सहाने भागलं.
सवय. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा.
सतराशे पन्नास टप्पे!
एवढं तिकीट फाडायचं तर ट्रेमधले सगळे गठ्ठे संपतील,
आणि सुटे कोण देणार?

एकतीस वर्षं मी रावेर-चोपडा केलं.
सावदा, फैजपूर, यावल, किनगाव, अडावद,
पावणेतीन तास;
केळीचे ट्रक आडवे आले तर सव्वातीन.
टपावर कुणाचं तरी कपाट,
आत कपाटाची किल्ली मुठीत धरून बसलेली बाई.

तेवढ्याच अंतराला विमानाला सहा मिनिटं लागतात.
गच्चीवरून घड्याळ लावून पाहिलं.
रात्री दोन दहाला तापीच्या अंगाने येतं,
सातपुड्याच्या काळ्या कडेत बुडतं.
सहा मिनिटांत यावल स्टँडवर
माझा चहा बशीत निवतसुद्धा नसे.

आत तीनेकशे माणसं झोपलेली असणार.
एखाद्याने खाली बघितलं तर
आम्ही काय दिसत असू?
दिवासुद्धा नाही.
शेतीची लाइट दोन वीसला येते.

अशा वेळी गोदाबाई जंगले आठवतात.
दर गुरुवारी फैजपूरला चढायच्या,
किनगावचं पूर्ण तिकीट काढायच्या
आणि यावललाच उतरायच्या.
एकदा म्हटलं, मावशी, पुढचे पैसे कशाला भरता?
"निघते तव्हा जायचंच असतं, भाऊ."
वेबिलात याला रकाना नव्हता.
किनगावला कोण होतं, मी विचारलं नाही.
बाई उतरली की तिची खिडकीची जागा
किनगावपर्यंत कुणाला द्यायचो नाही,
उभ्यांनी शिव्या घातल्या तरी.

विमानाला म्हणे घंटीची दोरी नसते.
मन बदललेलं माणूस
पट्टा बांधून तसंच बसून राहतं,
यावलवरून, किनगावावरून,
जिथली नावं आपल्याला वाचताही येणार नाहीत
अशा गावांवरून,
तेरा तास.

"काय पाही राहिले इतल्या रातचे?"
सिंधू कूस न बदलता विचारते.
काही नाही. गाडी गेली.
"कोन उतरलं?"

पंच डेपोत जमा करून आलो त्याला सहा वर्षं झाली.
बोटातल्या अंगठीने
खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवलं.
टिण टिण.
खालच्या वावरात मोटार सुरू झाली,
आणि सिंधूचा प्रश्न
तसाच राहिला, खिडकीजवळ.